दोन कापांच्या मधली जागा

स्मरणिकेसाठी माझ्याकडून सोपाऱ्याच्या स्तूपावर लेख यावा अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. इतिहासाच्या शिक्षकाकडून आणखी काय मागावे? सोपारा या लेखात येणारच आहे, पण थोड्या वेगळ्या वाटेने. गेल्या वर्षी आमच्या घरावर एक प्रसंग ओढवला आणि त्यामुळे मला एक असा विषय शिकावा लागला, ज्याचा माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमाशी काडीचाही संबंध नव्हता. सीटी स्कॅनचे चित्र संगणकात लहानमोठे करताना, त्याचे जाडे काप पातळ करताना नेमके काय घडते, हा तो विषय. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आणि पालक काम करतात. अपघात, डोक्याला मार, स्कॅन, फिल्म घेऊन मुंबईची गाडी हा क्रम त्यांना नवा नाही. म्हणून हे लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटले.

माझे थोरले मेहुणे तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर आहेत. पाइपची झडप सैल करताना लोखंडी पाना निसटला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याखाली बसला. डोके व चेहरा यांचे सीटी स्कॅन त्याच दिवशी झाले. मेंदूत रक्तस्राव नाही, असा अहवाल आला आणि घरातील सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अहवाल खरा होता. आठवड्याभरात चेहऱ्याची सूज उतरली, तेव्हा दाजी म्हणू लागले, ‘गुरुजी, वर बघितलं की एकाचे दोन दिसतात.’ बाराव्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, सीडी संगणकात घातली, क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘याचे पातळ काप कुठे आहेत?’

पातळ काप नव्हते. सीडीवर प्रत्येकी ५ मिलिमीटर जाडीचे ४० काप होते. यंत्राने मुळात पातळ मोजणी केलेली असणार, परंतु छपाईसाठी जाडे काप तयार झाल्यावर जागा मोकळी करण्यासाठी पातळ काप पुसले गेले होते. मी भाबडेपणाने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, संगणकाला पाचाचे एक-एक करता येत नाहीत का?’ ते म्हणाले, ‘येतात ना! पण ते दिसलेले नसतात, मानलेले असतात.’ आणि त्यांनी पुन्हा स्कॅन लिहून दिले.

हे एक वाक्य मला अनेक दिवस पुरले. आपल्या शाळेतून दहावी होऊन पुढे रेडिओलॉजीची पदविका घेतलेली एक विद्यार्थिनी आता एका रुग्णालयात सीटी तंत्रज्ञ आहे. ती सुट्टीत शाळेत आली असता मी तिला संगणक कक्षात बसवून घेतले. ‘सर, तुम्ही आम्हाला सनावळ्या पाठ करायला लावायचात, आता मी तुम्हाला शिकवते,’ असे म्हणून तिने दाजींची सीडी लावली. पुढील विवेचनात जे नेमके आहे ते तिचे. उपमा बहुतेक माझ्या आहेत आणि त्यांतील उणिवाही माझ्याच.

कागदावरचे छायाचित्र संगणकात बारीक चौकोनांचे बनलेले असते, हे आता शाळकरी मुलेही जाणतात. त्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. सीटी स्कॅनचे चित्र मात्र पृष्ठभागाचे नसून संपूर्ण घनाचे असते. ते चौकोनांऐवजी लहान ठोकळ्यांनी रचलेले असते आणि अशा एका ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक ठोकळ्यात एकच संख्या असते. त्या जागेच्या पदार्थाने क्ष-किरण किती अडवले, हे ती संख्या सांगते. या मापनश्रेणीत पाणी ० असते, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, तर हाड काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढेपर्यंत जाते. ज्यांच्या नावाने ही श्रेणी ओळखली जाते ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड नॉटिंगहॅमशायरमधील शेतावर वाढले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, फॅराडे हाऊसची पदविका होती. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे डोके टिपले आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले. ते पहिले चित्र ८० गुणिले ८० इतक्याच चौकोनांचे होते. आज ते ५१२ गुणिले ५१२ असते.

आता दाजींच्या स्कॅनकडे येऊ. एका कापाची रुंदी २५० मिलिमीटर आणि त्यात ५१२ चौकोन, म्हणजे एका ठोकळ्याची लांबी व रुंदी सुमारे ०.४९ मिलिमीटर. उंची मात्र ५ मिलिमीटर. हे ठोकळे चौरस फाशासारखे नाहीत, उभ्या ठेवलेल्या खडूच्या कांडीसारखे आहेत. लांबी-रुंदीच्या दहापट उंच! वरून पाहिले तर चित्र सुबक दिसते. समोरून पाहायचे ठरवले तर कांड्यांच्या उभ्या बाजू दिसतात आणि गालाचे हाड जिन्याच्या पायऱ्यांसारखे भासते. संगणकाला ठोकळ्याची उंची सांगितलीच नाही आणि त्याने सर्व ठोकळे फाशासारखे समजून रचले, तर ४० थरांची एकूण उंची दोन सेंटिमीटरही भरत नाही. हे आमच्या विद्यार्थिनीने मुद्दाम करून दाखवले. माझ्या मेहुण्यांचे डोके पडद्यावर भाकरीएवढ्या उंचीचे झाले. हसू आले आणि त्यांची आठवण होऊन थोडे वाईटही वाटले.

यावर उपाय म्हणून सर्व बाजूंनी सारख्या मापाचे ठोकळे नव्याने रचतात. समजा, प्रत्येक बाजू १ मिलिमीटर धरली, तर नवी रचना २५० गुणिले २५० गुणिले २०० अशी होईल. मूळ ठोकळे होते १ कोटी ४ लाख ८५ हजार ७६० आणि नवे झाले १ कोटी २५ लाख. नव्या ठोकळ्यांचे मध्यबिंदू जुन्यांच्या मध्यबिंदूंवर पडत नाहीत, ते त्यांच्या अधेमध्ये कोठेतरी पडतात. तेथे कोणती संख्या लिहायची, हाच सगळा प्रश्न आहे. तंत्रज्ञ या फेररचनेला रिसॅम्पलिंग म्हणतात, आणि मधली संख्या ठरविण्याच्या गणिताला मराठीत अंतर्वेशन हा जुना शब्द आहे.

अंतर्वेशन आपण सर्व जण न कळत करीत असतो. आपल्या शाळेत मुलांची उंची जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये मोजतात. एखाद्या मुलाची उंची जूनमध्ये १३२ सेंटिमीटर आणि डिसेंबरमध्ये १३५ असेल, तर ऑगस्टमध्ये ती सुमारे १३३ असावी, असे आपण सहज म्हणतो. सहा महिन्यांपैकी दोन महिने गेले, म्हणून तीन सेंटिमीटरांचा एक तृतीयांश मिळवला. हे सरळ रेषेचे अंतर्वेशन होय. मूल सरळ रेषेत वाढत नाही, हे वसतिगृहाच्या मावशींना विचारावे, गणवेशाची बाही एकाच महिन्यात आखूड झालेली त्यांनी पाहिलेली असते. भारतात हा विचार फार जुना आहे. ज्येच्या कोष्टकातील दोन नोंदींच्या मधली किंमत काढताना सरळ रेषा अपुरी पडते, हे जाणून ब्रह्मगुप्ताने इ.स. ६६५ मधील ‘खंडखाद्यक’ ग्रंथात शेजारच्या फरकांचाही फरक हिशेबात घेणारी रीत दिली. रेषेला किंचित वाक देण्याची ही रीत होती.

रेषेवर दोन शेजारी पुरतात. पृष्ठभागावर चार लागतात. भाताच्या एका चौकोनी खाचराच्या चार कोपऱ्यांवर पाणी १०, १२, १४ आणि २० सेंटिमीटर खोल आहे असे समजू. मधोमध किती? वरच्या बांधावर १० आणि १२ यांच्या मध्ये ११, खालच्या बांधावर १४ आणि २० यांच्या मध्ये १७, आणि ११ व १७ यांच्या मध्ये १४. तीन वेळा रेषेचे गणित झाले. घनात याच रीतीने आठ कोपऱ्यांचे शेजारी येतात आणि गणित सात वेळा करावे लागते: प्रथम चार, मग दोन, शेवटी एक. बिंदू मधोमध नसून एखाद्या कोपऱ्याजवळ असेल, तर त्या कोपऱ्याचे वजन अधिक. संगणक हे सव्वा कोटी वेळा चहा निवण्यापूर्वी करून मोकळा होतो.

याहून सोपी एक रीत आहे. मधली किंमत काढूच नये, जो शेजारी सर्वांत जवळ त्याचीच संख्या उचलून ठेवावी. चित्र पायऱ्यापायऱ्यांचे राहते, पण नवी संख्या कोठून येत नाही. याहून अवघड रीतही आहे. तीत एका रेषेवर दोनऐवजी चार शेजारी घेतात, म्हणजे घनात चौसष्ट, आणि त्यांतून गुळगुळीत वक्र काढतात. चित्र देखणे होते, परंतु या रीतीला एक खोड आहे. हाड संपून हवा सुरू होते अशा जागी वक्र झोकात पुढे जातो आणि मुळात कोठेच नसलेल्या संख्या निर्माण करतो. हाडाच्या कडेला एक काळसर किनार उमटते. ती किनार शरीरात नसते. सरळ रेषेच्या रीतीत निदान उत्तर शेजाऱ्यांच्या मर्यादेबाहेर जात नाही.

सर्वांत गुळगुळीत ती रीत सर्वांत चांगली, असे मला वाटले होते. विद्यार्थिनीने एका उदाहरणात ते मोडून काढले. डॉक्टर वा संगणक कधीकधी प्रत्येक ठोकळ्यावर खूण करतात: १ म्हणजे डोळा, २ म्हणजे मेंदू, ३ म्हणजे हाड. आता डोळ्याचा ठोकळा आणि हाडाचा ठोकळा यांच्या मधली जागा भरायची आहे. १ आणि ३ यांची सरासरी २. म्हणजे डोळा आणि हाड यांच्या सांध्यावर मेंदू उगवला! हजेरीपटावर ४ आणि ८ क्रमांक असलेल्या दोन मुलांच्या मध्ये बसलेला मुलगा ६ क्रमांकाचाच असेल, असे कोणता शिक्षक म्हणेल? हे आकडे मोजमापाचे नसून नावांच्या जागी लिहिलेले असतात आणि नावांची सरासरी निघत नाही. अशा खुणांसाठी जवळच्या शेजाऱ्याची साधी रीतच योग्य ठरते.

आता मुंबईच्या डॉक्टरांच्या वाक्याकडे वळतो, कारण मर्म तेथे आहे. डोळ्याच्या खोबणीचा तळ हे एक आडवे, अत्यंत पातळ हाड असते. काही ठिकाणी ते एक मिलिमीटरही जाड नसते. त्याच्या वर डोळ्याभोवतीची चरबी आणि खाली गालाच्या हाडातील हवेची पोकळी. डोळ्यावर जोराचा आघात झाला की हेच पातळ हाड खाली फुटते आणि वरची चरबी, कधीकधी डोळा फिरविणारा स्नायूही, त्या भेगेत अडकतो. मग वर पाहताना दोन दिसतात. सीटीचे काप आडवे असतात आणि हे हाडही आडवे. आपण ते हिशेबात मांडून पाहू. एका कापाची ५ मिलिमीटर जाडी आहे, तीत साडेचार मिलिमीटर हवा आणि अर्धा मिलिमीटर हाड आले. यंत्र त्या जाडीत जे आले त्याची साधारण सरासरी देते. हाडाची किंमत १००० धरली, तर साडेचार गुणिले उणे १००० म्हणजे उणे ४५००, त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या हाडाचे ५०० मिळवले की उणे ४०००, पाचाने भागले की उणे ८००. हवेपेक्षा थोडे घट्ट, एवढेच. हाड नाहीसे झाले. त्यावरचा काप पूर्ण चरबीचा, उणे १००. आता संगणकाने या दोन कापांच्या मध्ये नवा काप घातला, तर त्याची किंमत उणे ४५० येते. ती हाडाची नाही, चरबीची नाही आणि हवेचीही नाही. तेथे हाड अखंड असते तर काय आले असते आणि फुटलेले असते तर काय आले असते, हे त्या संख्येवरून सांगता येणे कठीण. एकाऐवजी शंभर नवे काप मध्ये घातले तरी उणे ८०० पासून उणे १०० पर्यंतचा एक गुळगुळीत उतार मिळेल. हाड परत येणार नाही.

ही गोष्ट नववीच्या वर्गाला समजावी म्हणून मी घोलवडचे चिकू आणले. चिकूचे उभे जाडे काप केले, तर एखादी चपटी बी एका कापाच्या पोटात पूर्ण लपून राहते. दोन्ही बाजूंनी नुसता गर दिसतो. कापांच्या बाजू पाहून आत किती बिया आहेत ते मुलांनी लिहायचे आणि मग काप मोडून मोजायच्या. बहुतेकांचे उत्तर एकने कमी आले. चिकूच्या आणि सीटीच्या कापांत एक भेद आहे, तो मुलांना सांगितलाच पाहिजे. सुरीने कापलेल्या फोडीची आपल्याला फक्त बाजू दिसते. यंत्राचा काप मात्र संपूर्ण जाडी कुस्करून एकजीव केलेला असतो. म्हणून बी दिसली नाही तरी गराची चव किंचित कडवट लागावी, तसा तो आकडा थोडासा बदलतो. जाणकार डोळ्याला तो संशय पुरतो, परंतु शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ तेवढ्यावर घेता येत नाही.

येथे सोपाऱ्याचा विषय निघतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले आणि विटांच्या स्तूपाच्या मध्यभागी दगडी करंडक मिळाला. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे तुकडे जपलेले होते, तर तांब्याच्या करंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती बसविलेल्या होत्या. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला यातील काहीच कळले नसते. करंडक उघडावाच लागला, आणि अशी गोष्ट एकदाच उघडता येते. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील ड्रेंट्स संग्रहालयाने एका चिनी बुद्धमूर्तीचे आमर्सफोर्टच्या रुग्णालयात सीटी स्कॅन करविले, तेव्हा मूर्तीला धक्का न लावता आत ध्यानस्थ बसलेल्या भिक्षूचा सांगाडा स्पष्ट दिसला. ही मूर्ती आमच्या गावातून चोरीस गेली होती, असे सांगत चीनच्या फूजियान प्रांतातील गावकरी न्यायालयात गेले, तो वेगळा विषय आहे.

सोपाऱ्याची आणखी एक गोष्ट मी आता वर्गात निराळ्या रीतीने शिकवतो. अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. हाती दोन आहेत आणि आपण चौदा लेख होते असे मानतो, कारण गिरनार आदी ठिकाणी संपूर्ण संच उभा आहे. हे अनुमान योग्य आहे, मीही ते शिकवतो. परंतु फळ्यावर लिहिताना मिळालेले दोन एका रंगाच्या खडूने आणि मानलेले बारा दुसऱ्या रंगाच्या खडूने लिहितो. संगणकाच्या पडद्यावर ही रंगांची सोय नसते. मोजलेला ठोकळा आणि मानलेला ठोकळा तेथे एकाच करड्या छटेत शेजारीशेजारी बसतात. आठ आणि नऊ यांच्या पलीकडचे लेख मानणे हे तर नेमके अंतर्वेशनही नव्हे. दोन ज्ञात टोकांच्या मधले ते अंतर्वेशन, टोकाबाहेरचे ते बहिर्वेशन आणि ते अधिक धोक्याचे.

स्कॅनमध्येही शेवटच्या कापाबाहेर काही मोजलेले नसते. फेररचना करताना चित्र थोडे फिरवले वा मोठ्या चौकटीत बसवले की रिकामे ठोकळे उरतात आणि काही संगणकप्रणाली तेथे मुकाट्याने ० भरतात. शून्य म्हणजे काहीच नाही, असे आपल्याला वाटते. या श्रेणीत मात्र शून्य म्हणजे पाणी! रुग्ण जणू पाण्यात बुडालेला दिसतो. तेथे उणे १००० भरायला हवे. आणखी एक बारीक चूक फार महागात पडते. ठोकळ्यातील संख्या त्याच्या कडेची नसून मध्यबिंदूची असते. ५ मिलिमीटरच्या पहिल्या कापाचा मध्य २.५ मिलिमीटरवर असतो आणि १ मिलिमीटरच्या पहिल्या नव्या कापाचा ०.५ वर. कोणी पहिल्याला पहिला जोडून मोकळा झाला, तर चित्र २ मिलिमीटरने सरकते. डोळ्याने ते कळत नाही. परंतु परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी कर्करोगावर किरणोपचार करताना किरण कोठे व किती पडावेत, हे अशाच घनचित्रावर ठरते आणि तेथे मिलिमीटर मोजले जातात.

आतापर्यंत मोठे करण्याचे सांगितले. लहान करणे सोपे असावे असे वाटते, पण तेही तसे नाही. आपल्या भोजनगृहात एक दिवसाआड वाटाण्याची उसळ असे, हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. समजा, एखादा तपासनीस दर दोन दिवसांनी आला आणि नेमका उसळीच्या दिवशी आला, तर तो ‘येथे रोज उसळ’ असा शेरा लिहील. एक दिवस पुढेमागे आला असता तर ‘येथे उसळ कधीच नाही’ असे लिहिले असते. मधले ठोकळे नुसते गाळून चित्र लहान केले, तर हेच घडते: बारीक जाळीदार हाडाच्या जागी कधी घट्ट हाड दिसते, कधी पोकळी, आणि कधी मूळ शरीरात नसलेले पट्टे. म्हणून आधी शेजारच्या ठोकळ्यांची सरासरी घेऊन चित्र किंचित धूसर करावे आणि मग त्यातून निवडावे, असा नियम आहे.

हे सारे आता केवळ डॉक्टरांच्या खोलीपुरते राहिलेले नाही. संगणकाला स्कॅन वाचायला शिकविण्याचे काम आपल्या मुंबईतही चालते. क्यूअर डॉट एआय या कंपनीने २०१८ मध्ये डोक्याच्या ४९१ सीटी स्कॅनचा संच संशोधकांना खुला केला. वेगवेगळ्या यंत्रांचे काप वेगवेगळ्या जाडीचे असतात, त्यामुळे असे संच हाताळणाऱ्याला सामान्यतः प्रथम सर्व स्कॅन एका मापात आणावे लागतात. त्या पहिल्या पायरीवर जे हरवले ते पुढच्या कोणत्याही हुशार यंत्राला सापडत नाही. आपल्या शाळेतून संगणकाकडे वळलेल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे, कारण ही पायरी कंटाळवाणी समजून घाईने उरकण्याची प्रवृत्ती असते.

दाजींचे दुसरे स्कॅन अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास जाडीचे झाले. खोबणीचा तळ फुटलेला आणि चरबी खाली लोंबलेली, हे समोरून पाहताना मलाही दिसले. अशा शस्त्रक्रियेला शक्यतो दोन आठवड्यांच्या आत हात घालतात. आमचे ते दिवस जाड्या कापांत गेले होते. शस्त्रक्रिया तिसऱ्या आठवड्यात झाली. आता समोर पाहताना एकच दिसते, वर पाहताना किंचित सावली राहते. दुसऱ्या स्कॅनचा खर्च झाला, आणि क्ष-किरणांची दुसरी मात्राही अंगावर घ्यावी लागली. १९६९ पासून अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या परिसराला किरणोत्सर्ग या शब्दाची भीती अधिक आहे. दाजींनाही ती होती. डॉक्टरांनी समजावले, की गरज असताना घेतलेली मात्रा योग्यच, टाळण्यासारखी होती ती केवळ पुनरावृत्ती.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. पहिल्या दिवशीचा प्रश्न मेंदूतील रक्तस्रावाचा होता आणि त्यासाठी जाडे काप पुरेसे होते. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल, हे त्या दिवशी ठाऊक नव्हते. म्हणूनच मोजलेले पुसू नये, असे मला वाटते. अभिलेखागारात काम केलेला कोणीही हेच म्हणेल.

पालकांनी आणि कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे करावे. बोईसर, पालघर, वापी किंवा मुंबई, स्कॅन कोठेही होवो, फिल्म आणि अहवाल यांवर समाधान मानू नये. सीडी मागावी, आणि ती मागताना ‘पातळ कापांसकट, डायकॉम स्वरूपात’ असे शब्द वापरावेत. डायकॉम हे या चित्रांचे ठरलेले स्वरूप आहे आणि त्यात ठोकळ्याची लांबी, रुंदी व कापाची जाडी लिहिलेली असते. मोबाइलने काढलेल्या फिल्मच्या फोटोत हे काहीच नसते. हे त्याच दिवशी मागावे, कारण आठवड्याने गेल्यास मिळेलच असे नाही. चेहऱ्याला, कानामागे अथवा मणक्याला मार असेल, तर पातळ काप हवेत का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. त्यात त्यांचा अवमान नाही.

दाजींच्या दोन्ही सीडी सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्यांच्या संमतीने मी त्या संगणक कक्षाला देणार आहे. ४० कापांची एक आणि चारशेहून अधिक कापांची दुसरी, एकाच माणसाचे एकच डोके. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची विद्यार्थिनी दोन दिवस रजा काढून येणार आहे आणि नववीच्या मुलांकडून पहिलीचे पातळ काप करवून ते दुसरीच्या शेजारी ठेवणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. चिकूंची व्यवस्था मी करीन.